डोक्याला मार लागल्यानंतर मॅग्नेटची आणि करंटची ट्रीटमेंट: घरच्यांनी वारंवार विचारलेले प्रश्न

मी मिरजेत ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून पेशंटकडून सराव करून घेते. माझ्याकडे येणारे बरेच पेशंट मोटारसायकलवरून पडलेले असतात. गळीत हंगाम सुरू झाला की त्यांत भर पडते. अंधारात उभी उसाची ट्रॉली, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि धडकणाऱ्याचं हेल्मेट घरी खुंटीला. ऑपरेशन होतं, जीव वाचतो, पेशंट घरी येतो. मग दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी पाहुणा मोबाइलवर व्हिडिओ दाखवतो: डोक्याला मशीन लावलं आणि माणूस बोलायला लागला. त्यानंतर माझ्याकडे जे प्रश्न येतात ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवलेत.

मॅग्नेटची मशीन म्हणजे नेमकं काय?

डॉक्टर तिला टीएमएस म्हणतात. इंग्रजी आठच्या आकाराची तांब्याच्या तारेची एक कॉइल असते, ती डोक्यावर टेकवतात. तिच्यातून विजेचा जोरदार पण क्षणिक झोत सोडला की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि लगेच विरतं. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे जवळच्या वाहकात वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरडेनं १८३१ साली दाखवून दिलं होतं. इथे तो वाहक म्हणजे आपला मेंदू. इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली अशीच, पण गोल कॉइल माणसाच्या डोक्यावर ठेवली, तेव्हा हाताचे स्नायू आपोआप हलले. कवटी उघडली नव्हती, सुईसुद्धा टोचली नव्हती.

ताकद साधारण दीड ते दोन टेस्ला, म्हणजे एमआरआयच्या चुंबकाच्या तोडीची. पण ती टिकते सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी. परिणाम पोचतो तो मेंदूच्या वरच्या थरापर्यंत, दोन-तीन सेंटिमीटर खोल. जागेपणाची मुख्य केंद्रं त्याहून बरीच आत असतात. पुढे बेशुद्धीबद्दल बोलताना हे लक्षात ठेवा.

पहिल्या दिवशी डॉक्टर कॉइल थोडी थोडी सरकवत पेशंटच्या अंगठ्याकडे बघत बसतात. अंगठा टुणकन उडाला की तेवढी ताकद त्या माणसाचं माप म्हणून धरतात आणि पुढचा डोस त्यावरून ठरवतात. घरच्यांना ही गंमत वाटते. पण हे माप न घेता सगळ्यांना एकाच आकड्यावर मशीन लावणारं कुणी दिसलं, तर मी तिथून उठून येईन.

करंटवाली मशीन वेगळी असते का?

हो, ती टीडीसीएस. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज डोक्याला बांधतात आणि २० मिनिटं एक ते दोन मिलिअँपिअर करंट सोडतात. मोबाइलच्या चार्जरमधून येणाऱ्या करंटच्या हजाराव्या हिश्श्याएवढा. जर्मनीतल्या ग्योटिंगेनमध्ये निट्शे आणि पाउलस यांनी २००० साली दाखवलं, की एवढ्याशा करंटनंही मेंदूच्या त्या भागाची तत्परता काही मिनिटं वाढवता किंवा कमी करता येते.

दोन्हींत फरक काय, तर मॅग्नेटमुळे पेशी प्रत्यक्ष चेतते. करंट तिला चेतवत नाही, तिला चेतणं थोडं सोपं किंवा अवघड करून ठेवतो. शेतकऱ्याला हे एका शब्दात कळतं: वापसा. पाऊस पडून गेला आणि जमीन ना चिखल ना ढेकूळ अशी झाली की वापसा आला म्हणायचं. पण वापसा म्हणजे पीक नव्हे. त्या दोन-चार दिवसांत तुम्ही पेरलं नाही तर जमीन पुन्हा कडक होणार. या मशिनी जिथे कुठे उपयोगी पडल्यात, तिथे बहुतेक वेळा मशीनच्या वेळेत किंवा लगेच नंतर सराव करून घेतलेला असतो. हाताची हालचाल, शब्द शोधणं, लक्ष टिकवणं, जे सुधारायचं असेल ते. मशीन लावून गाडीत झोपवून घरी नेलं, तर वापसा वाया गेला.

म्हणजे शॉकच ना?

नाही. शॉक म्हणतात त्या ईसीटीमध्ये भूल देऊन मुद्दाम फिट आणली जाते. ती फिट हाच उपचार असतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं भूल आणि स्नायू सैल करणारं औषध न देता ईसीटी करायला बंदी घातली आहे. टीएमएस आणि टीडीसीएसमध्ये पेशंट पूर्ण जागा असतो, खुर्चीत बसून गप्पा मारू शकतो. आणि फिट येऊ नये हीच इथली पहिली काळजी.

मग उपयोग होतो का, ते सरळ सांगा.

कशासाठी विचारताय त्यावर उत्तर अवलंबून आहे.

औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी टीएमएसचा उपयोग चांगला तपासलेला आहे. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं २००८ साली त्याला परवानगी दिली, पुढे २०१८ साली मंत्रचळासाठीही. मंत्रचळ म्हणजे पुन्हा पुन्हा हात धुणं, कड्या तपासणं वगैरे. डोक्याला मार लागल्यानंतरच्या दुर्बलतेसाठी मात्र अशी परवानगी नाही. कुणी तुम्हाला "ब्रेन इंजुरीसाठी अप्रूव्ह्ड मशीन" असं म्हणालं, तर मशीन अप्रूव्ह्ड असेल, पण दुसऱ्या आजारासाठी.

स्मृती आणि विचारशक्तीचं उदाहरण देते. ब्राझीलमध्ये मेंदूचे तंतू सर्वदूर तुटलेल्या सुमारे ३० पेशंटवर एक नीट आखलेला प्रयोग झाला. काहींना खरं टीएमएस, काहींना खोटं, एकूण दहा बैठका. २०१९ साली निकाल छापून आला, आणि दोन्ही गटांत फरक नव्हता. यावरून मॅग्नेट निकामी ठरत नाही. त्या जागेवर, त्या डोसनं, तशा पेशंटना फायदा दिसला नाही, एवढंच ठरतं. पण व्हिडिओ दाखवणारा पाहुणा हा निकाल दाखवत नाही.

"खोटं टीएमएस" ऐकून लोक चिडतात. पेशंटला फसवायचं कशाला? तर कारण हे आहे. मार लागल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत, वर्षभरात मेंदू स्वतःहूनच सर्वांत जोरात सावरतो. या काळात तुम्ही मशीन लावा, तेल लावा, नवस बोला, पेशंट सुधारणारच असतो आणि श्रेय त्या वेळी जे चालू असेल त्याला मिळतं. म्हणून एका गटाला आवाज करणारी पण परिणाम न करणारी कॉइल लावतात. करंटच्या मशीनमध्ये तर पहिली काही सेकंदं खरा करंट सोडून मुंग्या आणतात आणि गुपचूप बंद करतात. तरीही खऱ्या गटातले लोक जास्त सुधारले, तरच मशीनचं श्रेय. मी स्वतः यात फसले आहे. जत भागातल्या एका मुलाची जीभ मशीन चालू असताना सुटली. मी महिनाभर सगळ्यांना सांगत सुटले होते. नंतर जुनी डायरी काढली, तर मशीनच्या दहा दिवस आधीच त्यानं "पाणी" म्हटल्याची नोंद माझ्याच अक्षरात होती.

आणखी एक अडचण. पक्षाघातात बहुधा एक रक्तवाहिनी बंद होऊन एक ठरावीक भाग जातो. त्यामुळे कॉइल कुठे ठेवायची याचा काही अंदाज असतो. डोक्याच्या मारात मेंदू आतल्या आत आपटतो, फिरतो, लांबलांबचे तंतू ताणून तुटतात. सीटीत कधी कधी फारसं दिसतही नाही. दोन पेशंटचा मार सारखा नसतो, मग एकच जागा दोघांना कशी लागू पडेल?

डोळे उघडतो, पण ओळखत नाही. मशीननं जाग येईल का?

हा प्रश्न विचारताना बहुतेक जणांचा आवाज बसलेला असतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

डोळे उघडे पण भोवतालचं भान नाही, ही एक अवस्था. भान आहे पण अधूनमधून आणि अगदी थोडं, ही दुसरी. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. पुढच्या सुधारणेच्या दृष्टीनं मात्र दोघींत मोठं अंतर आहे. नुसतं बघून ठरवलं तर चूक किती होते? २००९ साली बेल्जियमच्या संशोधकांनी तपासलं, तेव्हा "भान नाही" असा शिक्का बसलेल्या शंभरातल्या सुमारे ४० जणांना थोडं भान असल्याचं निघालं. त्यासाठी त्यांनी २३ गुणांची एक ठरावीक तपासणी वापरली. सीआरएस-आर असं तिचं नाव. ती एकदा करून भागत नाही, दोन आठवड्यांत किमान पाच वेळा करावी लागते. पेशंट सकाळी गुंगीत असेल आणि दुपारी चारला लख्ख असेल, असं होतं. तुमच्या डॉक्टरांना या तपासणीचं नाव घेऊन विचारा, त्यांना राग येणार नाही.

तोवर घरी एक करून बघा. हातआरसा घ्या, पेशंटच्या तोंडासमोर धरा आणि सावकाश डावीकडून उजवीकडे न्या. बोटापेक्षा, बॅटरीपेक्षा, देवाच्या फोटोपेक्षाही माणसाची नजर स्वतःच्या चेहऱ्यामागे जास्त जाते. नजर आरशाबरोबर सरकली तर वेळ लिहून ठेवा आणि शक्य असल्यास मोबाइलवर चित्रीकरण करा.

आता मशीन. २०१४ साली बेल्जियममध्येच लिएज शहरात ५५ पेशंटना कपाळाच्या डाव्या बाजूला टीडीसीएसची एकेक खरी आणि एकेक खोटी बैठक दिली. थोडं भान असलेल्या ३० जणांपैकी १३ जणांमध्ये खऱ्या बैठकीनंतर काही नवी खूण दिसली. सांगितल्यावर हात हलवणं, वस्तू ओळखणं अशी. भान नसलेल्या २५ जणांमध्ये मात्र फक्त दोघांत. आणि या खुणा तात्पुरत्या होत्या. म्हणजे मशीनपेक्षा आधीची तपासणी महत्त्वाची. भान आहे की नाही हेच ठाऊक नसताना सुरुवात करण्यात अर्थ नाही.

याहून भक्कम पुरावा एका जुन्या, साध्या गोळीचा आहे. अमँटाडिन, पार्किन्सनमध्ये वापरतात ती. मार लागून चार ते सोळा आठवडे झालेल्या १८४ पेशंटवर चार आठवडे तिचा प्रयोग झाला. निकाल २०१२ साली प्रसिद्ध झाला. गोळी घेणारे पेशंट त्या चार आठवड्यांत जास्त वेगानं सुधारले. ती प्रत्येकाला चालत नाही. फिट्स असतील किंवा किडनी कमजोर असेल तर डॉक्टरांना विचार करावा लागतो. पण लाखभर रुपयांच्या पॅकेजची चौकशी करणाऱ्यांना या गोळीचं नावही कुणी सांगितलेलं नसतं, याचं मला वाईट वाटतं.

कवटीचं हाड काढून पोटात ठेवलंय. चालेल का?

मेंदूला सूज आली की न्यूरोसर्जन कवटीचा मोठा तुकडा काढतात आणि तो जिवंत राहावा म्हणून पोटाच्या कातडीखाली ठेवतात. काही ठिकाणी फ्रीजरमध्ये ठेवतात. डोक्याला त्या जागी खळगा पडतो. घरात पाहुणा आला की रुमाल बांधतात.

अशा डोक्यावर करंटची मशीन धोक्याची आहे. हाड विजेला अडवतं, म्हणून करंट एरवी पसरून आणि मापात आत जातो. हाडाला भोक असेल तर तो तिथूनच घुसतो, फटीतून पाणी शिरावं तसा. डोस किती पोचतोय ते कुणालाच सांगता येत नाही. मॅग्नेटला हाड अडवत नाही, पण खळग्यामुळे कॉइल आणि मेंदू यांच्यातलं अंतर बदलतं, म्हणजे तिथेही हिशोब चुकतो.

माझं मत विचाराल तर आधी हाड बसवून घ्या. त्याला क्रॅनिओप्लास्टी म्हणतात. हाड बसवल्यावर काही पेशंट नुसत्या त्यानंच टवटवीत होतात. बोलणं वाढतं, चालणं सुधारतं. उघड्या कवटीवर बाहेरच्या हवेचा दाब पडून मेंदूतलं रक्त आणि पाणी यांचा तोल बिघडलेला असतो, तो सावरतो. "पुढच्या वर्षी बघू" म्हणून हे ऑपरेशन पुढे ढकलणारे लोक त्याच वर्षी मशीनसाठी पैसे जमवताना मी पाहिलेत.

हाड बसवल्यावर टायटॅनियमच्या पट्ट्या किंवा स्क्रू असतील तर ते सांगायचंच. त्यावर तज्ज्ञ विचार करून निर्णय घेऊ शकतात. रक्तवाहिनीवर क्लिप, कानात कॉक्लियर इम्प्लांट, छातीत पेसमेकर, डोक्यात पाणी काढायची शंटची नळी यांपैकी काही असेल, तर टीएमएसचं नाव काढण्याआधी डिस्चार्ज कार्ड दाखवा. काही शंटांचा व्हॉल्व्ह चुंबकानं सेट होतो, तो हलू शकतो.

एकदा फिट आली होती. आता बंद आहे.

सांगा. लपवू नका. टीएमएसमुळे फिट येणं एरवी दुर्मीळ आहे, पण मार लागलेला मेंदू एरवीसारखा नसतो. गंभीर मार लागलेल्यांपैकी शंभरात सुमारे १७ जणांना पुढच्या तीस वर्षांत कधी ना कधी फिट आल्याचं अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत दिसलं होतं. मशीन न लावताच.

फिटच्या गोळ्या मशीनसाठी बंद करायच्या नाहीत. उलट एक बारीक गोष्ट सांगते. कार्बामॅझेपिनसारखी गोळी चालू असेल तर टीडीसीएसचा परिणाम बोथट होतो. हे मशीनवाल्याला माहीत हवं. बैठकीच्या आदल्या रात्री जागरण नको, आणि दारू तर अजिबात नको. दोन्हींमुळे फिट जवळ येते. "एक क्वार्टरनं काय होतंय" म्हणणाऱ्या दाजींना माझ्याकडे पाठवा.

मागच्या वर्षी एक कुटुंब एका शहरात ३० बैठकांचं पॅकेज घेऊन आलं. दुभती म्हैस विकली होती. फिट येते का, हा प्रश्न त्यांना तिथे कुणी विचारलाच नव्हता. सहाव्या दिवशी खुर्चीतच फिट आली. मशीनमुळे आली की आदल्या रात्रीच्या प्रवासातल्या जागरणामुळे, ते सांगता येणार नाही. पण विचारायला हवं होतं.

माणूसच बदललाय हो. सारखा चिडतो, शिव्या देतो. त्यावर मशीन?

कवटीचा पुढचा तळ गुळगुळीत नसतो, त्यावर हाडाचे कंगोरे असतात. डोकं आपटलं की मेंदूचा पुढचा आणि कानाजवळचा भाग त्यांवर घासतो. संयम, आडपडदा, "हे आत्ता बोलू नये" ही जाणीव याच भागांवर अवलंबून असते. म्हणून वहिनी जेव्हा म्हणतात "हे असे नव्हते", तेव्हा त्या अगदी खरं सांगत असतात.

पण मशीनकडे जाण्याआधी गोळ्यांची पट्टी बघा. फिट येऊ नये म्हणून दिली जाणारी लेव्हेटिरासिटाम ही गोळी काही जणांना विलक्षण चिडचिडं करते. डॉक्टरांनी ती बदलल्यावर घर शांत झाल्याची उदाहरणं माझ्याकडे आहेत. मनानं बंद मात्र करू नका, फिट येईल.

मग बघायचं, हे नैराश्य आहे का? रडू येणं, भूक जाणं, "मी ओझं झालोय" असं बोलणं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. मार लागल्यानंतरच्या नैराश्यावर टीएमएसचे छोटे प्रयोग झालेत, काहींत फायदा दिसला, काहींत नाही. तरी एवढ्या सगळ्या तक्रारींत मशीनचा विचार करायला सर्वांत जागा असेल तर ती इथेच, कारण साध्या नैराश्यावर ते चालतं हे ठाऊक आहे. नुसतं उठत नाही, काही सुरू करत नाही, पण कुणी हात धरून कामाला लावलं की निमूट करतो, हे मात्र नैराश्य नसू शकतं. त्याला आळशी म्हणू नका. त्याची किल्ली फिरवणारा भागच दुखावलाय.

मशीनआधी आणखी काय तपासून घ्यायचं?

सुधारत होता आणि मध्येच मागे गेला, चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे, कपड्यात लघवी, असं असेल तर मेंदूत पाणी साठलंय का ते सीटी करून बघा. पिट्यूटरी ग्रंथीला धक्का बसून हार्मोन्स कमी झाली असतील तरी माणूस असाच मलूल राहतो, ते रक्ताच्या तपासणीत कळतं. झोपेच्या आणि शांत करणाऱ्या गोळ्या हॉस्पिटलमधून निघाल्यापासून कुणी कमीच केल्या नाहीत, हे तर फार वेळा.

किती बैठका? दुखतं का?

नैराश्यासाठी आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे. बैठक पूर्वी ३७ मिनिटांची असायची. आता थीटा बर्स्ट नावाच्या पद्धतीत तीन मिनिटांत उरकते, आणि कॅनडात २०१८ साली झालेल्या तुलनेत ती कमी पडली नाही. डोक्याच्या मारासाठी असा पक्का ठरलेला डोस नाही. "तुमच्या पेशंटला बरोब्बर ४० बैठका लागतील" असं कुणी छातीठोक सांगितलं तर तो आकडा पॅकेजचा आहे.

टीएमएसमध्ये टकटक मोठा आवाज होतो, कानात बोळे घालावे लागतात. कातडीवर टिचकी मारल्यासारखं वाटतं, नंतर कधी डोकं दुखतं. टीडीसीएसमध्ये खाज येते, मुंग्या येतात, स्पंजाखाली लाली येते. स्पंज सुकला तर भाजतं. बोलू न शकणारा पेशंट भाजतंय हे सांगणार कसं? म्हणून घरचं कुणीतरी शेजारी बसलेलं हवं, नजर पेशंटच्या चेहऱ्यावर ठेवून. मोबाइलवर नाही.

सरकारी योजनेत बसतं का?

हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी योजनेच्या मदतनिसाला, उपचाराचं नाव लिहून विचारा, तोंडी उत्तरावर जाऊ नका. एकूण चित्र मात्र कडू आहे. रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्राची २०२५ ची कॅशलेस योजना दीड लाखापर्यंत आहे, पण फक्त पहिल्या सात दिवसांसाठी. सात दिवसांत आमचा पेशंट अजून व्हेंटिलेटरवर असतो. वर्षभराची फिजिओ, बोलण्याची थेरपी, गादी, डायपर हे सगळं घरावर. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी मात्र लवकर हालचाल करा. २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत "डोक्याचा मार" असं वेगळं नाव नाही, पण चालण्याची, बोलण्याची किंवा मानसिक अडचण त्या त्या नावाखाली बसू शकते. ४० टक्के भरलं की बऱ्याच सवलतींचं दार उघडतं.

ऑनलाइन हेडसेट मिळतो. घरी लावू का?

नको. आणि यूट्यूब बघून नऊ व्होल्टच्या बॅटरीला तारा जोडणं तर मुळीच नको. हो, विचारलंय एकानं. इलेक्ट्रिशियन होता.

सांगली-मिरजेत कुणाकडे जायचं?

आपल्याकडे या मशिनी बहुतेक मानसोपचारतज्ज्ञांकडे असतात, कारण परवानगी आणि अनुभव नैराश्याचा आहे. म्हणून एकट्या मशीनवाल्याकडे जाऊ नका. ऑपरेशन केलेले न्यूरोसर्जन किंवा न्यूरोलॉजिस्ट, मशीन चालवणारे डॉक्टर आणि रोजचा सराव घेणारा थेरपिस्ट, या तिघांचं एकमेकांशी फोनवर तरी बोलणं झालेलं असावं. मोठा सल्ला हवा असेल तर बंगळुरूचं निमहान्स आहे, मेंदूच्या आणि मनाच्या आजारांची राष्ट्रीय संस्था. तिथे अशा उपचारांवर कामही चालतं, आणि मिरज जंक्शनवरून गाडी मिळते. जाण्याआधी अपॉइंटमेंटचं बघा, आणि जाताना रिपोर्टबरोबर सीटी-एमआरआयच्या सीडीही घ्या, नुसत्या फिल्म नकोत.

डॉक्टरांना एवढं विचारा: नेमकं काय सुधारावं म्हणून हे करताय, ते मोजणार कसं, आणि किती बैठकांनंतर फरक नसेल तर थांबणार? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर पैसे भरू नका.

तीन वर्षं झाली. उशीर झाला का?

शिकायची ताकद तीन वर्षांनीही असते, वेग कमी असतो. उलट नैसर्गिक सुधारणेचा पूर ओसरल्यामुळे आता कशानं फरक पडतोय ते स्पष्ट दिसतं. पहिल्या काही आठवड्यांत मात्र मशीनची घाई नको. ताज्या जखमेत मेंदूच्या पेशी आधीच जास्त चेतलेल्या असतात, आणखी ढोसून नुकसान होऊ शकतं.

मशीन परवडणार नाही. मग आम्ही काय करायचं?

पेशंटचं जुनं काम शोधा आणि त्याचा सगळ्यात छोटा तुकडा त्याच्या हातात द्या. तासगावकडच्या एका द्राक्षवाल्याचं लक्ष दोन मिनिटं टिकत नव्हतं. कागदावरचे खेळ दिले की तो कागद फाडायचा. त्याच्या भावाला ताटभर बेदाणे आणायला सांगितले. काळे एकीकडे, पिवळे एकीकडे, देठ वेगळे. पहिल्या दिवशी पाच मिनिटं बसला. महिन्याभरानं अर्धा तास, आणि मध्येच म्हणाला, "हा माल हलका आहे." किंमतीवरून भावाशी भांडला. ते भांडण आम्ही दोघांनीही अडवलं नाही.

रोज एकाच वेळी, एकच काम, टीव्ही बंद. चुकेपर्यंत वाट बघायची नाही, चुकायच्या आधी हात धरायचा, कारण विसराळू मेंदू स्वतःची चूकच पाठ करतो. दप्तराएवढी मोठी वही नको, खिशात मावेल अशी ठेवा: गोळी घेतली, जेवलो, कोण आलं होतं. थकवा दिसला की थांबा. तुम्हीही.

तुम्ही रविवारी घरच्यांची बैठक घेता, तिला येताना काय आणायचं?

डिस्चार्ज कार्ड, सगळे सीटी, चालू गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या. साडीच्या दुकानाची पिशवी चालेल, बहुतेकांची तीच असते. पेशंटला प्रवास झेपत नसेल तर आणू नका. मात्र रात्री त्याच्याजवळ जी झोपते तिला आणा. दर वेळी बोलायला काका येतात आणि ती घरी राहते. नजर आरशामागे कधी फिरली, फिट किती वेळ टिकली, गोळी घेतल्यावर तो कधी चिडतो, हे सगळं काकांना माहीत नसतं.